पोचल्याची खूण

१

मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी साडेदहा वाजता बारक्या अंगावरचे कपडे उतरवून खुर्चीवर ठेवायचा, काळा चष्मा डोळ्यांवर घट्ट बसवायचा आणि नुसत्या चड्डीवर दिव्यांच्या कपाटात जाऊन उभा राहायचा. कपाट त्याच्यापेक्षा हातभर उंच होतं. आत चहूबाजूंनी लांब नळ्यांचे दिवे, पायाखाली लोखंडी जाळी, डोक्यावर छोटा पंखा. दार लागलं की बाहेरून सिस्टर विचारायची, "लावू का रे?" तो म्हणायचा, "लावा." मग मधमाश्यांचं पोळं उठल्यासारखी गुणगुण सुरू व्हायची आणि चष्म्याच्या कडेकडेने निळसर उजेड आत झिरपायचा. पहिल्या दिवशी वीस सेकंद. दर खेपेला थोडे थोडे वाढवत आता गाडी दोन मिनिटांपर्यंत आली होती.

दोन मिनिटं म्हणजे काहीच नाही. पण नवव्या मजल्याबाहेर दोराला लटकून काचा पुसणाऱ्या माणसाला चार फळ्यांच्या आत कोंडलं की दोन मिनिटंही लांबतात. सिस्टरला हे कुणी न सांगता कळलं होतं. ती दाराशी स्टूल ओढून बसायची आणि काही ना काही बोलत राहायची. जाळी पायांना गार लागते म्हणून तिने आपल्या घरचा जुना टॉवेल आणून टाकला होता. बारक्याला तिचे आभार मानायचे असत, पण ऐन वेळी शब्द सापडत नसत. मग तो टॉवेल जाताना नीट घडी करून ठेवायचा.

याच कपाटात त्याआधी तीन वर्षं दादा उभा राहिला होता. दादा म्हणजे बारक्याचा थोरला भाऊ. दादाच्या हातांवर कोड होतं. बोटांच्या टोकांपासून मनगटांपर्यंत दोन्ही हात दुधासारखे पांढरे, पुढे एकदम सावळा माणूस. कपाटात शिरताना तो म्हणायचा, "सिस्टर, दोन्ही बाजूंनी नीट भाजा, कच्चा ठेवू नका." ही आठवण सिस्टरने बारक्याला दोनदा सांगितली.

दादाला जाऊन पाच महिने झाले होते. तो आपल्यामुळे गेला, हे बारक्याला पक्कं माहीत होतं. दुसऱ्या कुणाला ते माहीत नव्हतं.

त्या शुक्रवारी दीडएक मिनिट झालं असेल. सिस्टर बाहेर तिच्या मांजराच्या पिल्लांबद्दल सांगत होती. तेवढ्यात बारक्याच्या कमरेला झटका बसला.

एकच. वरच्या बाजूने. कुणी कमरेचा पट्टा पकडून वर खेचावा आणि लगेच सोडावा तसा. त्याच्या टाचा टॉवेलवरून उचलल्या गेल्या आणि परत टेकल्या.

त्याने हात कमरेला नेला. पट्टा नव्हता. नुसती कातडी होती, दिव्यांनी कोमट झालेली.

पाय आखडला असेल, त्याने स्वतःला सांगितलं. दिवे विझले. सिस्टरने दार उघडलं आणि विचारलं, "काय रे, एवढा का घामेजलास?" तो म्हणाला, "दोन मिनिटं झाली ना आता." आणि टॉवेलची घडी करायला खाली वाकला.

२

डॉक्टरीणबाई महिन्यातून एकदा तपासत. त्यांची एक खोली होती, बिनखिडकीची. बाहेर भर अकराचं ऊन असलं तरी दार लावून दिवा मालवला की आत काळोख. मग त्या हातातला जांभळा दिवा लावत. त्या उजेडात अंगावरचे डाग चुन्याने रंगवल्यासारखे चमकत, आणि साध्या उजेडात डोळ्यांना अजून न दिसणारे, येऊ घातलेले डागही दिसून जात.

बारक्याचा पहिला डाग दादा गेल्यावर महिन्याभरात कमरेवर उमटला होता. नखाएवढा. मग त्याची पट्टी झाली. मग मांड्यांवर दोन पट्ट्या. त्या वेळी डॉक्टरीणबाईंनी त्याला समोर बसवून सगळं समजावलं होतं आणि त्यांचा एकही शब्द त्याच्या डोक्यावरून गेला नव्हता, याचंच त्याला नवल वाटलं होतं. शाळेत चौथीनंतर कुणी त्याला काही समजावण्याच्या भानगडीत पडलं नव्हतं.

त्या म्हणाल्या होत्या, कातडीत रंग बनवणारे कारागीर असतात. अंगात पहारेकरीही असतात, बाहेरून रोग घुसला की त्याला मारणारे. कधी कधी या पहारेकऱ्यांची चूक होते. आपलेच कारागीर त्यांना शत्रू वाटतात.

"मग मारतात त्यांना?" बारक्याने विचारलं होतं.

"मारतात. कारागीर गेले की तिथला रंग गेला."

"आपलंच माणूस आपल्या माणसाला मारतं?"

"चुकून," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. "मुद्दाम कोण करेल?"

त्या एका शब्दावर बारक्याचे डोळे भरून आले होते आणि त्याने खोकल्याचं सोंग केलं होतं.

हे का होतं ते पुरतं कुणालाच अजून कळलेलं नाही, असंही त्यांनी मोकळेपणाने सांगितलं होतं. थोडं रक्तातून येतं, दादाला होतं म्हणून याला व्हायची शक्यता जास्त. शिवल्याने किंवा एका ताटात जेवल्याने होत नाही. मोठा धक्का बसला की कधी कधी सुरू होतं, तसं बरेच लोक सांगतात. आणि ज्याला हे व्हायचं असतं त्याची कातडी जिथे खरचटते, घासते, दाबली जाते, तिथे डाग आधी येतो. घासल्यापासून दोन-तीन आठवड्यांत.

आज त्यांनी जांभळा दिवा त्याच्या पोटावरून वर नेला आणि छातीशी थांबवला. बराच वेळ थांबवला. दिव्याची बारीक चरचर तेवढी ऐकू येत होती.

"कामाचा पट्टा बांधतोस अजून?"

"नाही. पाच महिने खुंटीला आहे."

"बनियनची शिवण घट्ट आहे का?"

"बनियन दादाची आहे. मला ढगळ होते."

त्यांनी आरसा त्याच्या हातात दिला. काळोखात त्याला स्वतःचं तोंड दिसलं नाही. दिसल्या त्या फक्त रेघा. कमरेभोवती एक. दोन्ही मांड्यांना वेढा घालून दोन. आणि आता नवीन, अजून फिकट, बरगड्यांवरून निघून दोन्ही खांद्यांवर चढलेल्या दोन. बाकी माणूस नव्हताच. काळोखात नुसता एक रिकामा पट्टा लटकत होता.

"या वरच्या दोन ताज्या आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गेल्या दोन-तीन आठवड्यांतल्या घासण्याच्या." आणि मग, स्वतःलाच समजावल्यासारखं, "झोपेत कूस बदलतानाही घासतं म्हणा."

त्यांनी खोलीतला दिवा लावला. बारक्याने पाहिलं, त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि लगेच खोडलं.

३

दोघा भावांचं काम असं चाले. बारक्या कंबर, मांड्या आणि खांदे वेढणारा पट्टा बांधून, फळीवर बसून इमारतीच्या बाहेर लटके. एक बादली, एक फडकं, पाणी ओढायची रबरी पट्टी. वर गच्चीवर दादा. दोर दोन कप्प्यांमधून, फिरत्या चाकांवरून येई आणि दादा तो हाताने सोडत जाई. आधी दादाच लटकायचा, तेव्हा वर मुकादम दोर धरायचा. पण त्याचे हात पांढरे झाले तसे काचेपलीकडचे लोक खुर्च्या मागे सरकवायला लागले. एका कचेरीने तर कळवलं, हा माणूस काचेला हात लावतो ते बरं दिसत नाही. दादा हसला आणि म्हणाला, "मी हळूहळू गोरा होतोय ते यांना बघवत नाही." मग तो गच्चीवर गेला आणि बारक्या दोरावर आला.

वाऱ्यात आवाज पोचत नाही, म्हणून सगळं बोलणं दोरावरून. एक झटका, थांब. दोन झटके, खाली सोड. तीन झटके, वर घे. वरच्याने तेवढेच झटके परत द्यायचे, म्हणजे ऐकलं. आणि शेवटची खूण सगळ्यात महत्त्वाची. खालचा जमिनीवर उतरला की त्याने दोर दोन्ही हातांनी धरून एक लांब, सावकाश ओढ द्यायची. पोचलो. ती ओढ आल्याशिवाय वरच्याने दोर सोडायचा नाही. काही झालं तरी नाही. दादाने त्याला हे पहिल्याच दिवशी तीनदा म्हणून दाखवायला लावलं होतं. मग कठड्यावरून वाकून तो एवढंच म्हणायचा, "सावकाश. मी आहे वर." दादा दोर मनगटांना वेढे देऊन धरायचा. तसं धरू नये म्हणतात. पण दोर अडकवायच्या लोखंडी आकड्यावर त्याचा विश्वास नव्हता. "आकड्याला कुठे भाऊ असतो," असं तो म्हणे.

शेवटच्या दिवशी बारक्या पाचव्या मजल्याशी होता. कारखान्याचा एकचा भोंगा नुकताच झाला होता आणि त्याच वेळी रबरी पट्टी त्याच्या हातातून निसटून खाली पडली. नियम असा की खाली उतरायचं, पट्टी घ्यायची, जिन्याने वर यायचं. पण बारक्या पहिल्यापासून उतावळा. त्याने दोराला तीन झटके दिले. वर घे. गच्चीवर दुसरी पट्टी आहे, अर्ध्या वेळात काम.

वरून तीन झटके परत आले. मग चार मजले दादाने त्याला ओढून घेतलं. एक हात, दुसरा हात, एक हात, दुसरा हात. कुठे हिसका नाही, कुठे थांबणं नाही.

कठड्यावरून आत उडी टाकताना तो म्हणाला, "म्हातारा झालास का रे, दमलास?" दादा पाण्याच्या टाकीला पाठ टेकून, पाय भिंतीला रोवून बसला होता. दोर दोन्ही मनगटांना वेढलेला. डोळे उघडे.

दवाखान्यात सांगितलं, हृदय बंद पडलं. बारक्याला पुढचं कुणी सांगायची गरज नव्हती. ऐन उन्हात, चार मजले, एका रबरी पट्टीपायी. आपलंच माणूस.

४

वहिनी दुसऱ्यांच्या घरचे कपडे शिवते. आईच्या माघारी तिनेच बारक्याला वाढवलं, म्हणून तो तिला अरेतुरे करतो आणि तीही त्याला भावजी-बिवजी न म्हणता बारक्याच म्हणते. दादा गेल्यापासून दोघं एकमेकांशी फार सांभाळून बोलत. भांडी आपटली तरी दचकत.

डॉक्टरीणबाईंकडून आल्यावर बारक्याने खुंटीवरचा पट्टा काढून पाहिला. धूळ बसायला हवी होती. नव्हती. त्याने वास घेतला. घामाचा वास आला, आजच्यासारखा ताजा. मग त्याने विचार केला की आपण झोपेत उठून पट्टा बांधत असू. माणसं झोपेत चालतात, कुलपंही उघडतात म्हणे. या विचाराने त्याला एकदम हायसं वाटलं. त्याने पट्टा लोखंडी ट्रंकेत टाकला, कुलूप लावलं आणि किल्ली वहिनीला दिली.

"कशाला रे?" वहिनीने विचारलं.

"बघवत नाही," तो म्हणाला.

तिने किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात ओवली. तीन आठवडे ती तिथेच होती. तीन आठवड्यांनी अंघोळीनंतर बारक्या आरशासमोर उभा राहिला. खांद्यांवरच्या दोन्ही रेघा आता साध्या उजेडातही दिसत होत्या. त्या मानेमागून उतरल्या होत्या आणि पाठीवर एकमेकींना येऊन मिळाल्या होत्या. पट्ट्याची जी कडी असते, जिच्यात दोर अडकवतात, नेमक्या त्या जागी. तिथे रुपयाएवढं पांढरं वर्तुळ होतं.

त्याने वहिनीला हाक मारली. तिने बघितलं. मग त्या वर्तुळावर आपला तळवा ठेवला. शिवणकामाने खरखरीत झालेला तो तळवा त्याच्या पाठीवर टेकला आणि बारक्याचा धीर सुटला. त्याने सगळं सांगून टाकलं. रबरी पट्टी, तीन झटके, चार मजले. भिंतीकडे तोंड करूनच सांगितलं.

वहिनी आत गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला. परत आली तेव्हा तिच्या हातात दवाखान्याचा कागद होता. बारक्याला तो कधीच वाचायचा नव्हता, आणि वाचला असता तरी अर्धा कळला नसता.

"भोंगा झाल्यावर तू झटके दिलेस?"

"हो. एकचा भोंगा."

"नक्की?"

"पट्टी पडली ती भोंग्याने दचकूनच."

"यात लिहिलंय, ते गेले सव्वाबाराच्या सुमारास." तिने बोट ठेवलं. "दवाखान्यात नेलं तेव्हा अंग पार गार होतं, बारक्या. बोटं उघडेनात म्हणून दोर कापावा लागला. एवढ्यात माणूस एवढा गार कसा, असं ते आपसात बोलले. मला वाटलं, चुकून लिहिलं असेल. कोण विचारणार?"

बारक्या हिशेब करू लागला. त्याला पाढे येत नसले तरी मजले मोजता येत होते. सव्वाबाराला तो आठव्या मजल्याशी होता. त्यानंतर त्याने तीन वेळा खाली सोड म्हणून खूण केली होती. तिन्ही वेळा उत्तर आलं होतं. तिन्ही वेळा दोर सुटला होता, हळूहळू, एक हात, दुसरा हात.

"अंदाजच असतो त्यांचा," तो म्हणाला. "अर्ध्यापाऊण तासाचा फरक पडतो."

"पडत असेल," वहिनी म्हणाली.

शिवणयंत्रावरचा दिवा चालू राहिला होता. दोघं त्याच्याकडे बघत बसले. बारक्याच्या अंगावर काटा होता, आणि त्याच वेळी छातीवरचा पाच महिन्यांचा दगड कुणीतरी उचलत होतं. दोन्ही एकदम होऊ शकतं हे त्याला माहीत नव्हतं. कागद खरा असेल तर त्याने दादाला मारलं नव्हतं. आणि कागद खरा असेल तर त्याला वर घेतलं कुणी, हे विचारायचं नव्हतं.

"तू जमिनीवर उतरला नाहीस ना त्या दिवशी," वहिनी म्हणाली. तिलाही खुणा सगळ्या पाठ होत्या. "म्हणजे ती लांब ओढ तू दिलीच नाहीस."

बारक्याचा हात पाठीवरच्या वर्तुळाकडे गेला.

"मग त्यांनी दोर कसा सोडावा?" वहिनी म्हणाली, आणि ट्रंकेची किल्ली गळ्यातून काढून त्याच्या हातावर ठेवली.

५

मुकादमाने फार विचारपूस केली नाही. माणसं कमी होती. वर दोर धरायला त्याने जाड्याला दिलं. जाड्या मनाने चांगला, अंगाने दांडगा, फक्त दर तासाला त्याला चहा लागायचा. बारक्याने त्याला एकच अट घातली. खूण मिळाल्याशिवाय दोर सोडायचा नाही. जाड्या म्हणाला, "अरे, मी काय नवा आहे का?"

समोरची इमारतही काचांचीच होती. मान वळवली की तिच्यात आपली इमारत दिसे, आणि तिच्या अंगावर मुंगीएवढा आपण, डोक्यावर केसासारखा बारीक दोर आणि दोराच्या शेंड्याला गच्चीचा कठडा. पहिले तीन मजले उतरेपर्यंत बारक्या पट्ट्याचे बंद पुन्हा पुन्हा चाचपत होता. मग काम अंगात उतरलं. फडकं, पट्टी, फडकं, पट्टी. पाणी सरळ रेघेत खाली सरकत होतं. त्याला बरं वाटलं. काचेच्या आतली एक बाई आपल्या टेबलावरून त्याच्याकडे बघून हसली. त्याच्या गळ्याशी सदऱ्याच्या आतून रेघेचं टोक दिसत असणार, तरी हसली. त्यानेही मान हलवली.

सातव्यावरून सहाव्यावर जायचं होतं. त्याने दोन झटके दिले. दोन झटके परत आले. दोर सुटू लागला.

सहाव्याशी थांबल्यावर त्याने सहज खाली पाहिलं. रस्त्याच्या कडेला चहाची गाडी होती. तिच्याशी जाड्या उभा होता. हातात ग्लास, तोंड वर, बारक्याकडे बघत. उन्हासाठी त्याने दुसरा हात कपाळावर धरला होता.

वाऱ्याने फळी किंचित फिरली. बारक्याच्या मनात आलं, दुसरा कुणी धरला असेल. मुकादम आला असेल वर. नक्की मुकादमच. पण मुकादम धरतो तेव्हा दोर गचके देत सुटतो. हा गचके देत नव्हता.

वर बघायचं नाही, त्याने ठरवलं. आणि वर पाहिलंही नाही. पण मान वळली ती समोरच्या काचेकडे.

तिच्यात ऊन होतं, ढगाचा तुकडा होता, आपण होतो. आणि कठड्यावर दोन हात होते. मनगटांपर्यंत पांढरे. पुढे कठड्याच्या सावलीत काही दिसत नव्हतं. हात स्थिर होते. वाट बघत होते.

बारक्याला ओरडावंसं वाटलं, आणि तोंडातून आलं ते एवढंच, "दादा, घाम पूस." ते वर पोचणार नव्हतं. त्याने दोन झटके दिले.

दोन परत आले. समोरच्या काचेत पांढरे हात हलू लागले. एक, दुसरा, एक, दुसरा. बारक्या राहिलेल्या काचा न पुसता उतरत राहिला. प्रत्येक मजल्यावर त्याला वाटलं, आता तीन झटके द्यावेत. वर जाऊन एकदा तोंड बघावं. हात दोराकडे दोनदा गेलाही. आयुष्यभर जे मनात आलं ते करणाऱ्या बारक्याने त्या दिवशी दोन्ही वेळा हात मागे घेतला. वर घ्यायला लावायचं नाही. पुन्हा नाही.

पाय जमिनीला टेकले. जाड्या धावत आला, ग्लास सांडत. "मी गाठ मारून आलो होतो रे, दोन मिनिटांसाठी. तुला सोडलं कुणी?"

बारक्याने त्याला हाताने गप्प केलं. मग दोर दोन्ही हातांनी धरला. दोर ताठ होता. वर कुणीतरी होतं, मनगटांना वेढे देऊन, पाय भिंतीला रोवून, सहा महिने. बारक्याने लांब, सावकाश ओढ दिली. तीन श्वास होईपर्यंत.

पोचलो, दादा.

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग वरून एक बारीकशी थरथर दोरातून उतरत आली आणि त्याच्या तळहातात विरली. दोर सैल पडला.

गच्चीवर गेले तेव्हा गाठ जाड्याने मारली होती तशीच होती, त्याच्या सवयीची, उलटी. त्या गाठीतून वीतभर दोरही सुटला नसता. जाड्याने ती तीनदा चाचपली. मग तो टाकीपाशी बसला आणि त्याने त्या दिवशी पुन्हा चहाचं नाव काढलं नाही.

६

पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंनी जांभळा दिवा खांद्यांवरून, पाठीवरून, कमरेवरून फिरवला आणि त्यांचा आवाज हलका झाला. तिथे नवी रेघ नाही. जुन्या रेघांमध्ये केसांच्या मुळांशी तपकिरी ठिपके उगवले होते, पेरल्यासारखे. मुळांशी काही कारागीर लपून वाचलेले असतात, त्या म्हणाल्या. उजेड मिळाला की तिथून ते परत यायला लागतात. बारक्याला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. या वेळी त्याला शब्द सापडले. तो म्हणाला, "तुमचे फार उपकार आहेत." त्या म्हणाल्या, "आधी सिस्टरला सांग. रोज विचारते ती तुझं." सिस्टरलाही त्याने सांगितलं. तिने टॉवेल झटकण्याच्या निमित्ताने तोंड फिरवलं.

फक्त मनगटं तेवढी निराळी निघाली. दोन्ही मनगटांना पांढरे वळसे उमटले होते, एकावर एक तीन तीन वेढे. हे मागच्या वेळी नव्हते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तिथे केस कमी, तिथला रंग परत यायला फार वेळ लागतो, कधी कधी येतही नाही. मग त्यांनी विचारलं, "आता वर बसून दोर धरतोस का तू?"

"नाही," बारक्या म्हणाला. "मी कधीच धरला नाही."

त्यांनी वही उघडली नाही.

त्यानंतरचा मंगळवार. कपडे खुर्चीवर, चष्मा डोळ्यांवर, पायाखाली टॉवेल. सिस्टर म्हणाली, "लावू का रे?" तो म्हणाला, "लावा." गुणगुण सुरू झाली. सिस्टर मांजराच्या पिल्लांचं पुढे सांगू लागली, तीन लोकांनी नेली, एक राहिलं.

मनगटांना ओढ बसली. खालून.

या वेळी बारक्याने पाय आखडल्याचं स्वतःला सांगितलं नाही. त्याने वाट पाहिली. मनगटांवर वजन होतं. ते वजन त्याला माहीत होतं. लहानपणी ज्याच्या पाठुंगळी बसून तो फिरला होता, त्याचं वजन. आणि मग, स्पष्ट, एकापाठोपाठ, दोन झटके.

खाली सोड.

त्याला इतके दिवस एकदाही सुचलं नव्हतं की दादालाही कुठेतरी उतरायचं असेल. धाकट्याला पोचवल्याशिवाय तो निघाला नव्हता. आणि आता तो निघाला तर त्याचा दोर धरायला वर कोण होतं?

बारक्याने रिकाम्या हातांनी दोन झटके परत दिले. मग तो सोडू लागला. एक हात, दुसरा हात. गचका बसू द्यायचा नव्हता. दिवे वेळ झाल्यावर आपोआप विझले. सिस्टरने दार उघडलं, काळोखात उभ्या असलेल्या त्या पोराचे हलणारे हात बघितले, आणि काय कळलं तिला कोण जाणे, तिने दार तसंच पुन्हा लोटलं.

तेव्हापासून मंगळवार आणि शुक्रवार. किती मजले झाले ते बारक्या मोजायचा. नऊ झाले, वीस झाले. शंभरानंतर त्याने मोजणं सोडलं. एवढी खोल कुठलीच इमारत नसते, हे त्यालाही कळतं. तिथे खाली काय आहे, ऊन आहे की नाही, याचा विचार आला की कपाटातल्या उजेडातही त्याला थंडी वाजते. पण वजन अजून मनगटांवर आहे, झटके अजून येतात, आणि जोवर येतात तोवर आपण उपयोगी आहोत, एवढ्यावर तो समाधानी आहे. दादाला खाली सोडायची पाळी आपल्याला मिळाली, म्हणून तो मनोमन कुणाकुणाचे आभार मानतो.

पोचल्याची लांब ओढ अजून आलेली नाही. वहिनी दर खेपेला फक्त नजरेने विचारते, आणि तो मान हलवतो. नाही, अजून नाही.

दार लागतं. गुणगुण सुरू होते. बारक्या पाय रोवतो, पाठ मागच्या फळीला टेकतो आणि खाली, टॉवेलच्या खाली, जाळीच्या खाली, ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणतो,

"सावकाश. मी आहे वर."